पिंगळ्याची मालकीण

आमच्या शाळेच्या आवारात एक जुनं कडुलिंबाचं झाड आहे. जमिनीपासून दीड पुरुष उंचीवर त्याला एक ढोली आहे आणि त्या ढोलीत पिंगळ्यांचं एक जोडपं राहतं. पिंगळा तुम्ही पाहिला असेलच. घुबडाचाच हा छोटा भाऊबंद. साळुंकीएवढा, पण गोलमटोल. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पिवळेधमक डोळे. दिवसाउजेडीसुद्धा तो ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो. आपण त्याला निरखून पाहू लागलो की तो मान खालीवर करून उलट आपल्यालाच निरखतो. संध्याकाळी दोघांचं असं काही कडाक्याचं भांडण जुंपतं, की नव्या माणसाला वाटावं, झाडावर कुणाची तरी वाटणी चालली आहे!

मागच्या भाद्रपदात चौथीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत या पिंगळ्याला नेम धरून गोटा मारला. मुलाचं नाव मी सांगणार नाही. तसं मी त्याला कबूल केलं आहे. गोटा लागला नाही, फांदीवर आपटून खाली पडला. पिंगळा उडाला आणि संध्याकाळी परत आला. पण दुसऱ्या दिवशी मुलगा काही शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"मॅडम, थ्याले बाधलं," वर्गातल्या मुलींनी मला हळू आवाजात सांगितलं.

आपल्याकडे एक समजूत आहे, तुम्हीही ऐकली असेल. घुबडाला गोटा मारला तर घुबड तो गोटा उचलून नेतं आणि पाण्यात घासत बसतं. गोटा जसजसा झिजेल तसतसा मारणारा माणूस झिजतो! म्हणून मारायचंच झालं तर मातीचं ढेकूळ मारावं, असंही शहाणी पोरं एकमेकांना सांगतात.

मी त्याच्या घरी गेले. पोरगं गोधडीत गुरफटून पडलेलं. आजी म्हणाली, "मास्तरीणबाई, कोरड्या हिरीत तं नाही नेला अशीन थ्यानं गोटा? पान्यात नेला तं माह्यं लेकरू वाचत नाही." आता खरं सांगायचं तर भाद्रपदात आमच्या गावात घरटी एक जण तापाने पडलेला असतो. डबकी साचतात, डास होतात. त्याचं रक्त तपासून घेतलं, गोळ्या मिळाल्या, चार दिवसांत ताप उतरला. भीती मात्र उतरली नाही. तो शाळेत येऊ लागला, पण पुढच्या फाटकातून नाही, मागच्या पडक्या भिंतीवरून. झाडाखालून जावं लागू नये म्हणून. आणि वर्गात बसल्या बसल्या डाव्या मनगटाला उजव्या हाताच्या बोटांचा वेढा घालून पाहायचा. मनगट बारीक झालं का, ते मोजायचा!

त्यात काही पालकांनी सांगितलं, ढोलीत सिमेंट भरून टाका, म्हणजे कटकटच नको. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तो विषय ठेवायचं ठरलं.

"घाबरू नको" असं सांगून कुणाची भीती जात नाही, हे मला बारा वर्षांच्या नोकरीत कळलं आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, या पाखराची मालकीण कोण आहे, ठाऊक आहे का तुला?"

"कोन?" त्याने विचारलं. आठवड्यात पहिल्यांदा त्याने स्वतःहून तोंड उघडलं होतं.

मग मी तालुक्याच्या गावाला जाऊन चार चित्रं छापून आणली. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

ग्रीस देशात अथेन्स नावाचं शहर आहे. तिथल्या देवीचं नाव अथीना. तिच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. देवांचा राजा झ्यूस याला भविष्य कळलं, की तुझी बायको मेटिस हिचं मूल तुझ्याहून वरचढ होईल. मेटिस या नावाचा अर्थच मुळी शहाणपण. झ्यूस घाबरला आणि त्याने मेटिसला गिळूनच टाकलं! पुढे एके दिवशी त्याचं डोकं असं ठणकू लागलं की सोसवेना. शेवटी देवांच्या लोहाराने कुऱ्हाडीने त्याचं डोकं फोडलं आणि आतून बाहेर आली अथीना. तान्हं बाळ नाही बरं का, चांगली मोठी मुलगी. डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला. बुद्धीची देवीही तीच आणि युद्धाची देवीही तीच. विणकाम, कुंभारकाम अशी हातची कामंही तिच्याकडेच.

आपल्याकडे ही कामं वाटलेली आहेत. विद्या सरस्वतीकडे. शस्त्र दुर्गेकडे, तुळजापूरच्या भवानीची मूर्ती महिषासुराला मारणारी आहे, हे तुम्हाला ठाऊकच असेल. पण सण पाहा. खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा आणि दसऱ्याला पाटीपूजन. विळा, कोयता, पाटी, पुस्तक सगळी एकाच झेंडूच्या फुलांनी सजतात. अथीनेची कल्पना आपल्याला फार परकी वाटू नये, ती यामुळे.

चित्रातली अथीना ओळखायची कशी? हातात वीणा दिसली की आपण सरस्वती म्हणतो, उंदीर दिसला की गणपती. तसंच तिचं. शिरस्त्राण, भाला, ढाल. खांद्यावर बकऱ्याच्या कातड्याचा कवचासारखा पट्टा, त्याच्या काठाला वळवळणारे साप आणि मध्ये मेडूसा नावाच्या राक्षसिणीचं भयंकर तोंड. शिवाय ऑलिव्हची फांदी. आणि पिंगळा! (मी पहिलं चित्र वर्गात दाखवलं, तर एकमुखाने उत्तर आलं, "झाशीची राणी!")

ऑलिव्ह का, ते सांगते. अथेन्स शहर कुणाचं, यावरून अथीना आणि समुद्राचा देव पोसायडन यांच्यात पैज लागली. जो चांगली भेट देईल त्याचं शहर. पोसायडनने आपला त्रिशूळ खडकावर आपटला, तर खाऱ्या पाण्याचा झरा फुटला. अथीनेने ऑलिव्हचं झाड लावलं. आता लोणारचं सरोवर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना खाऱ्या पाण्याचं वेगळं सांगायला नको. त्याने ना तहान भागते, ना शेत भिजतं. ऑलिव्हपासून फळ मिळतं, तेल मिळतं, लाकूड मिळतं. पैज अथीनेने जिंकली.

अथेन्समध्ये दर चार वर्षांनी तिचा मोठा उत्सव होई आणि त्यात शर्यती लागत. जिंकणाऱ्याला बक्षीस काय? मातीचा रांजणासारखा घडा, ऑलिव्हच्या तेलाने भरलेला. एका घड्यात आपले तेलाचे दोन-अडीच डबे रिते व्हावेत, एवढा मोठा. त्याच्या एका बाजूला भाला उगारलेली अथीना रंगवलेली आणि दुसऱ्या बाजूला ज्या खेळात बक्षीस मिळालं त्या खेळाचं चित्र. धावण्यात जिंकलास तर धावणारे, कुस्तीत जिंकलास तर कुस्तीगीर. आपल्या तालुका क्रीडा स्पर्धांच्या प्रमाणपत्रांपेक्षा ही पद्धत मला जास्त आवडली. घरात तेल तर येतं!

अथेन्समधल्या टेकडीवर पार्थेनॉन नावाचं देऊळ आहे. इ. स. पूर्व ४४७ मध्ये त्याचं काम सुरू झालं. आत अथीनेची मूर्ती होती, फिडियस नावाच्या शिल्पकाराने केलेली. उंची साधारण बारा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढी! आत लाकडाचा सांगाडा, अंगासाठी हस्तिदंत आणि वस्त्रांसाठी सोन्याचे पत्रे. तिच्या उजव्या तळहातावर विजयाची देवी उभी होती. तळहातावरची ती 'छोटी' मूर्तीसुद्धा तुमच्या मास्तरांपेक्षा उंच होती.

या सोन्यावरून एक किस्सा घडला. प्लुटार्क नावाच्या जुन्या चरित्रकाराने तो लिहून ठेवला आहे. फिडियसवर आळ आला, की मूर्तीचं सोनं त्याने चोरलं. अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याने त्याला आधीच सल्ला देऊन ठेवला होता, की पत्रे असे बसव की काढून तोलता येतील. पेरिक्लिस म्हणाला, काढा आणि तोला! आळ खोटा ठरला. पण पुढे दुसरी तक्रार झाली. देवीच्या ढालीवर लढाईचं दृश्य कोरताना फिडियसने त्यात एक टकला म्हातारा कोरला, तो म्हणे हुबेहूब त्याच्यासारखाच दिसत होता! प्लुटार्क सांगतो, की त्यावरून त्याला तुरुंगात टाकलं आणि तिथेच तो वारला. चित्रात स्वतःला घुसवण्याची हौस त्याला चांगलीच महागात पडली.

ती मूर्ती आज नाही. एवढं सोनं, एवढं हस्तिदंत, सगळं गेलं. तिच्या लहान लहान प्रतिकृती लोकांनी केल्या होत्या. त्यांतली एक, जेमतेम मीटरभर उंचीची संगमरवरी, १८८० साली अथेन्समध्ये सापडली. मूळ मूर्ती कशी होती ते आपल्याला अशा प्रतिकृतींवरून आणि जुन्या वर्णनांवरून कळतं.

मला स्वतःला मात्र दुसरंच एक शिल्प जास्त आवडतं. तेही अथेन्समध्येच आहे. अर्ध्या मीटरच्या आसपासची एक संगमरवरी शिळा. इ. स. पूर्व ४६० च्या सुमाराची. तिच्यावर अथीना एकटीच उभी आहे. लढाई नाही, राक्षस नाही. भाल्यावर भार टाकून, मान खाली घालून ती समोरच्या एका बुटक्या दगडी खांबाकडे पाहते आहे. बस्स, एवढंच. ती काय पाहते आहे? कुणी अभ्यासक म्हणतात, लढाईत मेलेल्या अथेन्सच्या तरुणांची नावं त्या दगडावर आहेत आणि ती शोक करते आहे. कुणी म्हणतात, तो नुसता हद्दीचा दगड. मी मुलांना विचारलं. एक मुलगी म्हणाली, "थकली हाय थे." दुसरा म्हणाला, "वाचून राह्यली." आमचा गोटा मारणारा मुलगा बराच वेळ चित्राकडे पाहत होता. तो म्हणाला, "लढाईत काही चुकलं अशीन थिचं." यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून तरी सुचलेलं नाही.

आता येते नाण्याची गोष्ट. हीच मला त्याला सांगायची होती.

अथेन्सजवळ चांदीच्या खाणी होत्या. त्या चांदीची नाणी पाडत. एक नाणं सुमारे १७ ग्रॅमचं, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या दोन नाण्यांपेक्षा जड. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना आणि दुसऱ्या बाजूला, हो, पिंगळा! गोल डोळे रोखून थेट आपल्याकडे बघणारा. पाठीमागे ऑलिव्हची डहाळी, चंद्राची छोटी कोर आणि शहराच्या नावाची तीन अक्षरं. लोक त्या नाण्याला नावच 'घुबड' असं देत. अथेन्समध्ये ही 'घुबडं' एवढी होती, की 'अथेन्सला घुबडं नेणं' अशी ग्रीक म्हणच पडली. ज्या वस्तूची जिथे रेलचेल, ती तिथेच घेऊन जाण्याचा वेडेपणा, असा तिचा अर्थ. ग्रीसच्या आजच्या एक युरोच्या नाण्यावरही हाच पिंगळा आहे.

मूर्ती देवळात राहते. नाणं मात्र कमरेच्या कशात बसून गावोगाव जातं. अथीनाही अशीच निघाली. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर अफगाणिस्तान आणि पंजाबच्या भागांत ग्रीक राजांनी राज्यं केली. त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला राजा मिनँडर. काळ इ. स. पूर्व दुसरं शतक. राजधानी सागल, म्हणजे आज पाकिस्तानात असलेलं सियालकोट. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं. नाणं उलटं करा. डाव्या हातात ढाल आणि उजव्या हातात फेकायला उगारलेलं वज्र अशी अथीना उभी! आणि तिच्याभोवती लिहिलं आहे ते ग्रीकमध्ये नाही, तर आपल्या प्राकृत भाषेत, उजवीकडून डावीकडे वाचायच्या खरोष्ठी लिपीत: महाराज, रक्षणकर्ता मिनँडर. त्याच्या काही दुर्मीळ नाण्यांवर तर अथीनेच्या मागे पिंगळासुद्धा आहे.

पालीतल्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात या राजाचं नाव मिलिंद असं येतं. होय, तुमच्या वर्गात असतो ना, तोच मिलिंद! संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा असाही अर्थ आहे, पण आपल्याकडे कितीतरी घरांत हे नाव या राजाच्या आठवणीने ठेवलं जातं. राजा लढवय्या होता, पण त्याला वाद घालायची, प्रश्न विचारायची भारी हौस. नागसेन नावाच्या बौद्ध भिक्खूशी त्याची गाठ पडली. नागसेनांनी विचारलं, महाराज, आपण रथातून आलात ना, मग रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येक प्रश्नाला राजा नाही म्हणत गेला. मग रथ आहे तरी कुठे! ('मी' म्हणजे तरी नेमकं काय, असं नागसेनांना सुचवायचं होतं. बैलगाडी समोर ठेवून हा खेळ वर्गात खेळून पाहा, मजा येते.) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जे महाविद्यालय सुरू केलं, त्याला याच मिलिंदाचं नाव आहे आणि तिथल्या परिसराला नागसेनवन म्हणतात.

बरं, पंजाबातलं नाणं आपल्या बाजूला येण्याचा काय संबंध? संबंध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली. तो लिहितो, की भडोच बंदरात मिनँडरची जुनी नाणी अजून चालतात. आणि त्याच भडोचला माल कुठून येतो? पैठण आणि तेरहून, गाड्यांवर लादून! पैठणहून भडोचला वीस दिवस लागतात, हेही त्याने लिहिलं आहे. सिंदखेडराजाहून पैठण किती लांब? सकाळी निघालं तर दर्शन करून रात्री घरी. आपल्याच जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यातल्या भोन गावाला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी निघाल्या. म्हणजे त्या जुन्या काळीही पूर्णेच्या काठी चांगली नांदती वस्ती होती. मिनँडरचं नाणं भोनला आलं होतं, असं मी म्हणत नाही हं. पण भडोचहून परतणाऱ्या एखाद्या गाडीवानाने आपल्या लेकराला 'ही बघ भालेवाली बाई' म्हणून ते दाखवलं असेल, असं मनात यायला काय हरकत आहे?

आणि देवी नाण्यावरून आली नसेल तरी पिंगळा आपल्याकडे आहेच. शास्त्रज्ञ प्रत्येक प्राण्याला एक शास्त्रीय नाव देतात. अथेन्सच्या नाण्यावरच्या छोट्या घुबडाचं नाव अथीनी नॉक्टुआ. आणि आपल्या पिंगळ्याचं? अथीनी ब्रामा! पुढचा शब्द ग्रीकांच्या अथीनेवरून आणि मागचा आपल्या ब्रह्मदेवावरून. १८२१ सालापासून आमच्या कडुलिंबावरचं हे पाखरू दोन देवांची नावं मिरवत बसलं आहे.

या पिंगळ्याचा एक भाऊ आहे, रानपिंगळा. तोही आता याच अथीनी कुळात गणला जातो. १८८४ नंतर तो कुणालाच दिसला नाही. सगळ्यांना वाटलं, संपला बिचारा. आणि ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सोबत्यांना तो पुन्हा सापडला. कुठे? आपल्याच महाराष्ट्रात, शहाद्याजवळच्या जंगलात. पुढे तो मेळघाटातही आढळला. आपल्या जिल्ह्यातलं अंबाबरवा अभयारण्य म्हणजे त्याच मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. एवढा जवळचा पाहुणा!

हे सगळं मी वर्गात तीन-चार दिवस सांगत होते. शेवटी आमच्या त्या मुलाने हात वर केला. "मॅडम, थ्या देवीच्या गावचे पोट्टे पिंगळ्याले गोटे मारत नसन काय?"

मी म्हटलं, "मारत असतील की. पोरं सगळीकडची सारखीच."

"मंग थे झिजले काय?"

मी काही बोलले नाही. तोच थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "इतके पोट्टे झिजले असते तं थे गाव उरलंच नसतं." आणि मनगटावरची बोटं त्याने काढली.

समितीची बैठक झाली. मी माझी चारही चित्रं घेऊन गेले होते. पार्थेनॉन, मिलिंद राजा, सगळं सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक शेतकरी सदस्य म्हणाले, "पिंगळा उंदरं खाते. माह्या सोयाबीनच्या गंजीत या साली उंदरं कमी हायेत. ढोली बुजवू नका." लगेच सगळ्यांना पटलं! माझ्या देवीपेक्षा उंदीर भारी ठरले. असो, ढोली वाचली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन होतं. एकाला एक जोडून एकच्या आकड्यांची सरस्वती काढतात, ती तुम्हीही काढत असाल. मी पाट्या पाहत फिरत होते. आमच्या मुलाची सरस्वती थोडी वाकडी झाली होती, पण तिच्या पायाशी त्याने दोन मोठी शून्यं शेजारी शेजारी काढली होती. प्रत्येक शून्यात एक ठिपका आणि दोघांच्या मधोमध बुटका एक.

"हे काय रे?"

"पिंगळा."

"अरे, सरस्वतीचा तर मोर असतो, नाहीतर हंस."

"माईत हाय," तो म्हणाला. "पन हा आपल्या झाडावरचा हाय."

शाळा सुटली तेव्हा तो पाटी छातीशी धरून निघाला. झाडाखाली थोडा थबकला, वर पाहिलं आणि पुढच्या फाटकातून घरी गेला.